मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबई आणि लंडन ह्या दोन नगरांमधील अंतर पृथ्वीच्या गोलावर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांच्या आसपास भरते. हे अंतर कोणत्याही युगात बदललेले नाही. बदलला तो ते कापण्यास लागणारा अवधी, आणि त्या बदलाची कथा मोठी उद्बोधक आहे.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून हा प्रवास करण्यास कित्येक महिने लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनी तो अवधी दोन-तीन आठवड्यांवर आणला. पुढे ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची विमानसेवा सुरू केली. नावाला ती हवाई वाट. परंतु क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, मग भूमध्य समुद्रावर समुद्रविमान आणि ईजिप्तपासून पुन्हा जमिनीवरचे विमान, असा तिचा क्रम होता. ह्या साऱ्यास सात दिवस लागत.

कराचीस ही वाट थांबे. ती मुंबईपर्यंत आणली जे. आर. डी. टाटा ह्यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानातून त्यांनी कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरविली. अहमदाबादेस विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून! दोन युगांची अशी गाठ क्वचितच पडते.

स्वातंत्र्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ उतारूंना घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोचले. आठवड्यांची वाट आता तासांत मोजली जाऊ लागली.

परंतु ह्या वेगाचे मोलही द्यावे लागले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान कैरोहून जिनीव्हाकडे जात असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे बोइंग विमान कोसळले. त्या अपघातात ११७ जणांचा अंत झाला. डॉ. होमी भाभा त्यांपैकीच एक होत.

आज मुंबईहून लंडनला वाटेत कोठेही न थांबता साधारण नऊ-दहा तासांत जाता येते. परतीचा प्रवास बहुधा थोडा लवकर संपतो, कारण उंचावरील पश्चिमेचे वारे पूर्वेकडे येणाऱ्या विमानास साहाय्य करतात. मात्र आकाशालाही सीमा असतात. २०१९ साली पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना लांबचा फेरा पडला.

'कांचनजंगा'बरोबर नाहीशी झालेली सरकारी टपालाची एक पिशवी २०१२ साली माँ ब्लाँवरील हिमनदीच्या बर्फातून वर आली. काही तासांत मुक्कामी पोचावयाच्या त्या टपालास माणसांच्या हाती पुन्हा येण्यास ४६ वर्षे लागली. मनुष्याने अंतर जिंकले असे आपण सहज म्हणून जातो. ते जिंकताना जे वाटेतच राहिले, त्यांचे स्मरण त्या ओल्या पिशवीने करून दिले.