पाटी धरणारे गडी

तंजावूरचा राजवाडा मूळचा नायक राजांचा. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. ती १८५५ पर्यंत चालली. सरफोजीराजे दुसरे (१७९८–१८३२) यांनी याच परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि नवविद्या कलानिधी शाळा चालविली. तेथे मराठी व तमिळ या भाषा शेजारी नांदल्या. या दोन भाषांचे नाते ग्रंथांप्रमाणेच मुलांच्या खेळांतही आढळते.

आपल्या आट्यापाट्यांसारखाच तमिळ मुलखातील खेळ म्हणजे किळित्तट्टु. आट्यापाट्यांत नऊ गडी नऊ पाट्या धरतात. पहिल्या, म्हणजे कपाळपाटीवर ‘सूर’ उभा राहतो. मधल्या उभ्या सूरपाटीवरूनही त्याला धावण्याची मुभा असते. बाकीच्यांनी आपली पाटी सोडावयाची नाही. मागून सूर आणि पुढून पाटीवाला अशा पेचात सापडलेल्या गड्याची ‘कोंडी’ होते. तमिळ खेळात सुराचे काम ‘किळि’ म्हणजे पोपट करतो. सर्व पाट्या ओलांडून परत येणे याला आपण ‘लोण’ म्हणतो, तमिळ मुले ‘उप्पु’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ मीठच!

कामांची अशी वाटणी दूरदेशीच्या खेळांतही दिसते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला. वर्गात अठरा विद्यार्थी असल्याने तेव्हा प्रत्येक बाजूस नऊच खेळाडू होते. पुढे ते पाच झाले: डाव रचणारा पॉइंट गार्ड, दुरून नेम साधणारा शूटिंग गार्ड, दोन फॉरवर्ड आणि बास्केटजवळची जागा राखणारा सेंटर. सुराप्रमाणे पॉइंट गार्डलाही सारे मैदान नजरेत ठेवावे लागते.

वाहवा होते ती लोण आणणाऱ्याची. शेवटची पाटी निष्ठेने धरणाऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही; पण तो ढळला, तर आठ जणांचे श्रम वाया जातात. शाळेच्या साठ वर्षांतही असे पाटी धरणारे किती झाले! वेळेवर घंटा देणारे शिपाई, वाचनालय सांभाळणाऱ्या बाई, भर पावसात फाटकाशी डबा घेऊन उभे राहणारे पालक. हीरक महोत्सवात त्यांचे स्मरण व्हावे. आणि शाळेच्या मैदानावर आट्यापाट्यांच्या रेघा पुन्हा आखल्या जाव्यात, म्हणजे हा धडा मुलांना पुस्तकाविनाच मिळेल.