पेशवाईंतील परगण्यांच्या कागदांतून गुन्ह्यांच्या नोंदी : शोधाची रीत व एक दुरुस्ती

पेशवाईच्या काळीं एखाद्या परगण्यांत कोणीं कोणता गुन्हा केला व त्यास काय शासन झालें, हें आज पाहावयाचें असल्यास कोणत्या कागदांकडे जावें, असा प्रश्न मजला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, प्रबंध लिहूं पाहणारे विद्यार्थी. दुसरे, आपल्या घराण्याविषयीं गांवांत चालत आलेली गोष्ट खरी कीं खोटी, याचा निकाल लावूं इच्छिणारे. या दुसऱ्या वर्गांतील एका गृहस्थांस मीं कांहीं वर्षांपूर्वीं चुकीचें उत्तर दिलें. ती चूक कोठें झाली हें सांगितल्यावांचून इतरांस वाट दाखविणें योग्य नव्हे. सबब हा लेख थोडा मार्गदर्शनाचा व थोडा कबुलीचा आहे.

हे गृहस्थ माझे जुने विद्यार्थी. यांच्या वाड्यास गांवांत एक वाईट नांव आहे. पेशवाईंत या घरच्या एका पुरुषानें दरवडा घातला व सरकारनें त्याजवर जबर दंड बसविला, असें म्हातारे लोक सांगत. मीं पुण्याच्या पुराभिलेखागारांतील त्या परगण्याच्या हिशेबांचे रुमाल चाळले. तिसऱ्या दिवशीं जमेच्या बाजूस तें गांव, तें आडनांव व ‘गुन्हेगारी’ असें सदर एकत्र सांपडलें. मीं नक्कल करून पाठविली. माझ्या विद्यार्थ्यानें ती वडिलांस वाचून दाखविली, आणि त्या वृद्धानें गांवच्या देवळाच्या जीर्णोद्धार समितींतून आपलें नांव काढून घेतलें. मला हें पुष्कळ दिवसांनीं कळलें. गांव व घराणें येथें देत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मराठ्यांच्या राज्यांत गुन्ह्यांची अशी स्वतंत्र वही नव्हती. तंट्याचा निकाल गांवीं पाटील व गोत, परगण्यांत मामलेदार किंवा कमाविसदार, त्यावर सरसुभेदार व हुजूर न्यायाधीश, अशा पायऱ्यांनीं होई. वतनाच्या वादाचे कागद भरपूर आहेत. वादी-प्रतिवादींच्या तकरिरा, करीने, जामीनकतबे, गोताचे महजर, शेवटीं निवाडपत्र, अशी सारी साखळी कित्येकदां जुळते. याचें कारण सरळ आहे. ज्यानें वाद जिंकला त्याला तो कागद पुढच्या सात पिढ्यांसाठीं हवा असतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत व्यवहाराचे भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि असे चार पाद मानले आहेत, आणि निर्णयानंतर द्यावयाच्या लेखास आमचे निबंधकार ‘जयपत्र’ म्हणतात. नांवावरूनच तें कोणाच्या हातीं जावयाचें हें उघड आहे. पराजिताच्या घरीं कागद राहत नाहीं, आणि गुन्हेगाराच्या घरीं तर राहणारच नाहीं. गुन्ह्याचा कागद पेटींत जपून ठेवणारा मनुष्य मला अद्यापि भेटलेला नाहीं.

म्हणून गुन्ह्याची आठवण जी उरली ती सरकारी हिशेबांतच उरली. दंडाचे रुपये आले म्हणून जमा लिहिले. त्यांबरोबर नांव, गांव व एखाद्या ओळींत कारण आलें. शोधकानें न्यायाचे कागद शोधूं नयेत, पैशाचे शोधावे. पुण्याच्या दप्तरांत रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, निरनिराळे जमाव अशा विभागणीनें हजारों रुमाल आहेत. १८१८ नंतर हें दप्तर इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाल्यावर गांवोगांवचे आणखी कागद गोळा झाले. जमीन, इनाम व वसूल यांचा पुरावा म्हणून हा संग्रह सांभाळला गेला, न्यायाच्या इतिहासासाठीं नव्हे. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे कागदांत काय नाहीं याचें नवल वाटत नाहीं.

रुमाल मागविण्यापूर्वीं दोन गोष्टी निश्चित कराव्या. पहिली, गांव तेव्हां कोणत्या परगण्यांत व तरफेंत मोडत होतें. आजच्या तालुक्याच्या नांवावर विसंबूं नये. सुपें परगणा जुन्या कागदांत पदोपदीं येतो. आज तें गांव बारामती तालुक्यांत आहे, आणि पारनेर तालुक्यांत दुसरें सुपें आहे. दुसरी गोष्ट काळाची. हिशेब शुहूर सनानें लिहिले असून तें वर्ष सूर्य मृगांत शिरतो त्या दिवशीं, म्हणजे जूनच्या आरंभाच्या सुमारास, पालटतें. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस सनांत ५९९ व पुढील जानेवारीपासून ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३, अर्थात् १७७२-७३. यांत एकम आधीं व दहम नंतर येतो. मोडींत घाईनें वाचतांना ‘सितैन’ व ‘तिसैन’ यांत उलटापालट होते, आणि साठाचे नव्वद होऊन मनुष्य एकदम तीस वर्षें पुढें जातो; थोरल्या माधवरावांच्या वेळचा दंड सवाई माधवरावांच्या काळांत जाऊन बसतो. महिना व तिथि मुसलमानी चांद्रमानाच्या असतात व त्यांपूर्वीं ‘छ’ हें अक्षर येतें. नवशिक्यानें प्रथम सन ठरवावा, मग नांव वाचावें. आम्ही बहुतेक उलट करतों, कारण डोळा नांवाकडे धांवतो.

यापुढें सदरांचा अर्थ. माझी चूक येथेंच झाली. ‘गुन्हेगारी’ या शब्दानें आज आपल्या मनांत चोरी, खून, दरवडा असे अर्थ उभे राहतात. पेशवाईच्या हिशेबांत तो शब्द प्रथम दंडाच्या रकमेचें नांव आहे. चोरीबद्दल घेतलेला दंड ही गुन्हेगारी आहेच. परंतु वतनाच्या किंवा शेताच्या निव्वळ दिवाणी वादांत जो हरला त्यानें सरकारांत भरावयाची रक्कम, तीहि गुन्हेगारीच. जिंकणारा भरी ती ‘हरकी’. तिच्याच जोडीला ‘शेरणी’ हा शब्दहि आढळतो. एकाच तंट्यांतून सरकारास दोन्ही हातांनीं मिळे. प्रतिवादीस बोलावण्यास प्यादा किंवा स्वार पाठविला तर त्याचा ‘मसाला’ निराळा. तो ज्याजवर पडला तो अपराधीच होता असें मुळींच नाहीं. ‘बैतुलमाल’ या सदराखालीं बेवारसी मालमत्ता जमा होते. तिच्यांतहि एखादें नांव पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. तात्पर्य, जमेच्या एका ओळीवरून गुन्हा ठरवितां येत नाहीं. त्या वर्षाची खतावणी व तेरीज आधीं पाहावी. त्याच सुमाराच्या रोजकीर्दींत मामलेदारास गेलेलें पत्र आहे काय हें शोधावें. आणि मुख्यतः त्याच गांवचा दुसरा कोणी त्याच वर्षीं हरकी भरतो काय, हें पाहावें. ही शेवटची पायरी मीं गाळली होती.

जमेइतकीच खर्चाची बाजू महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. जो दंड देऊं शकला तो जमेंत आला. ज्याजवळ कांहीं नव्हतें, किंवा ज्याचा अपराध दंडावर भागण्यासारखा नव्हता, त्यास बेडी घालून किल्ल्यावर ठेवीत; मग त्याच्या पोटाची तरतूद करण्याविषयीं किल्लेदारास आज्ञा जाई व तो शिधा किल्ल्याच्या खर्चांत पडे. कित्येकांच्या अस्तित्वाचा पुरावा त्यांनीं खाल्लेलें धान्य हाच आहे. बदकर्माच्या आरोपांत पुरुष बहुधा दंड देऊन सुटे; स्त्रीस बटीक करून सरकारी कोठीवर, कारखान्यांत किंवा किल्ल्यावर कामास लावीत. ती गुन्हेगारीच्या सदरांत सांपडत नाहीं. बटकींच्या अन्नवस्त्राच्या यादींत नुसतें तिचें नांव असतें, पुढें बापाचें नाहीं, नवऱ्याचें नाहीं, गांवहि क्वचित्. तिच्याबद्दल चौकशी करणारा वंशज माझ्याकडे कधीं आलेला नाहीं, आणि आला असता तरी कोणत्या यादींतील कोणती हें मी त्याला सांगूं शकलों नसतों.

छापील साधनांत गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे अजूनहि पहिल्यानें हातीं घ्यावे. त्यांत गुन्हे व शासनें यांचे उतारे निराळे काढलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून पुढें संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग मुख्यतः राजकारणाचे, पण मधूनमधून कामाचे. विठ्ठल त्रिंबक गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ सालचा इंग्रजी प्रबंध परिभाषेसाठीं जवळ असावा. न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० सालीं या रोजनिशींवर जो निबंध लिहिला, त्यांत त्यांनीं आरंभीच्या पेशव्यांच्या काळचीं शासनें सौम्य व नाना फडणिसांच्या अमदानींतील कठोर, असा भेद दाखविला. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या निष्कर्षावर बोलतांना संकोच होतो. तरी दप्तरांत बसलेल्या मनुष्यास एक शंका येतेच. सवाई माधवरावांच्या काळचे कागद मागच्या काळांच्या मानानें पुष्कळ अधिक उरले, आणि वाडांच्या उताऱ्यांतहि त्या कारकीर्दीनें मोठी जागा व्यापली. जेथें कागद अधिक, तेथें हात तोडल्याच्या नोंदीहि अधिक मिळणार. नानांच्या काळीं कडकपणा वाढला नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु दोन काळांची तुलना करतांना शासनांची संख्या मोजण्यापूर्वीं रुमाल मोजावे.

पुणें शहराची गोष्ट वेगळी. तेथें कोतवाली असल्यामुळें किरकोळ अपराधांचेहि कागद अधिक सलग मिळतात, व त्या काळच्या सामान्य स्त्रीपुरुषांविषयीं तितकें तपशीलवार दुसरीकडे क्वचितच कांहीं आढळतें. घाशीराम कोतवालाचा अंत १७९१ सालीं कसा झाला हें सर्वश्रुत आहे. कोठडींत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले व लोकांनीं कोतवालास दगडांनीं ठेंचलें. हा प्रसंग एवढ्यासाठींच सांगितला कीं, कोतवालीच्या कागदांत ज्यास चोर म्हटलें आहे तो कोतवालाच्या मतें चोर होता, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें.

एका प्रकारचा कागद मात्र अपराध्याच्या घरींच मिळूं शकतो. जातीबाहेर पडलेल्या मनुष्यानें प्रायश्चित्त घेतलें म्हणजे त्यास शुद्धिपत्र मिळे, व पंक्तीस बसण्याकरितां तें जपून ठेवणें भाग असे. घरगुती दप्तरें चाळतांना असें पत्र दिसल्यास तें वाचून परत ठेवावें. नक्कल घेण्यापूर्वीं घरच्यांस विचारावें.

१८१८ पुढील काळ माझ्या अभ्यासाचा नव्हे. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहापासून मुंबई इलाख्यांत फौजदारी कामाची लेखी पद्धति बसली, १८६२ पासून इंडियन पीनल कोड चालू झालें, आणि नोंद रकमेची न राहतां मनुष्याची झाली. तिचा अतिरेक १८७१ च्या कायद्यांत झाला. त्यानें जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची वाट उघडली, व ती वही १९५२ सालीं मिटली. त्या वहींत ज्यांच्या आजोबांचीं नांवें आहेत ते लोक आज हयात आहेत. पेशवाईच्या जमाखर्चांत दंड भरून मनुष्य मोकळा तरी होई.

आतां माझी दुरुस्ती. गेल्या वर्षीं दुसऱ्याच कामासाठीं त्या परगण्याचे कागद पुन्हां पाहतांना, त्याच सनांत, त्याच गांवच्या निराळ्या आडनांवाच्या कुणब्याकडून आलेली हरकी दिसली. मी त्या गांवीं गेलों. हरकी भरणाऱ्याचे वंशज गांवांतच नांदत आहेत, आणि त्यांच्या माळ्यावरच्या पेटींत, अपेक्षेप्रमाणें, निवाडपत्र होतें. दोन शेतांमधील बांधाचा वाद. गोतानें साक्षी घेऊन निवाडा केला. हरलेल्याकडून गुन्हेगारी घेतली. दरवड्याचा त्यांत शब्दहि नाहीं. जिंकणाऱ्याच्या घरीं कागद उरला आणि हरणाऱ्याच्या घरीं अपवाद उरला.

सर्व मजकूर मीं माझ्या विद्यार्थ्यास लिहून कळविला व चुकीबद्दल क्षमा मागितली. वडिलांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. समितींत परत जाण्याचें त्यांनीं मनावर घेतलें नाहीं. त्यांनीं इतकेंच विचारविलें कीं, तो बांध कोणता. निवाडपत्रांतील चतुःसीमा मीं उतरून घेतली आहे. पूर्वेस ओढा व दक्षिणेस देवस्थानची जमीन लिहिली आहे. पावसाळा संपला म्हणजे आम्ही दोघे ती जागा पाहावयास जाणार आहों.