सिंधी शेजाऱ्यांची चूल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. रूळ आणि पूल सोडून मला काय येते? पण रायपूरला बदली होऊन आल्यापासून एका सिंधी सहकाऱ्याच्या डब्यात माझा रोजचा वाटा असतो. म्हणून त्या डब्याचाच इतिहास लिहितो.

पहिल्या दिवशी त्याने कढी वाढली. मी ताकाची समजून वाटी पुढे केली, तर आत भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा आणि बटाटा! ताकाचा पत्ता नाही, आंबटपणा चिंचेचा. घरी येऊन सौ.ला म्हणालो, "या लोकांच्या कढीत ताकच नसते," आणि आम्ही दोघे हसलो. ते हसणे आठवले की आता ओशाळल्यासारखे होते.

सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन भाग झाले, पण सिंध सबंधच पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि हिंदूंचा लोंढा वाढला. कोणी कराचीहून बोटीने मुंबईला आले, कोणी खोखरापार-मुनाबाव मार्गे मीटरगेज गाडीने जोधपूरकडे. (हा मार्ग १९६५ च्या युद्धात बंद झाला. २००६ मध्ये थार एक्स्प्रेसने तो पुन्हा जोडला, पण २०१९ पासून तीही बंद आहे.) कल्याणजवळच्या लष्करी छावणीत हजारो कुटुंबे उतरवली गेली. १९४९ मध्ये तिचेच उल्हासनगर झाले. कित्येक कुटुंबे आणखी पुढे येऊन रायपूरच्या कटोरा तलाव, तेलीबांधा या भागांत आणि बिलासपूरजवळ चकरभाठ्याला स्थिरावली.

माझ्या सहकाऱ्याची आजी तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या आईने फडक्यात कोकी बांधून घेतल्या होत्या. कोकी म्हणजे कांदा, मिरची, अनारदाणे घालून घट्ट भिजवलेल्या कणकेची जाड पोळी. अर्धी भाजायची, परत लाटायची आणि मंद आचेवर खरपूस करायची. गुळाचा गोड लोलो तर आणखी टिकतो. आपल्याकडे प्रवासाला दशम्या, तसे हे.

आजी एकदा मला म्हणाल्या, "तुम्ही दिवाळीला गावी जाता ना? आम्ही कुठे जाणार?" यावर मला उत्तर सुचले नाही. नागपूरची गाडी समोर उभी असणाऱ्या माणसाने काय बोलावे?

रायपुरात त्यांचे आईवडील नवे असताना बाजारात एक छत्तीसगढी बाई तलावातले ढेंस विकत होती. ढेंस म्हणजे आपली कमळकाकडी, सिंधीत भे. नावे जुळेनात, पण भाजी तीच! आईने ती सगळी घेतली, हे आजी दरवेळी हसत सांगत. सिंधूतला पल्लो मासा मात्र तिकडेच राहिला. झूलेलाल ज्यावर बसलेले दिसतात, तोच हा.

आपल्या ओळखीचेही पुष्कळ आहे. पालक, चुका आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेली साई भाजी आपल्या पातळभाजीची बहीण वाटते. शिळ्या पोळ्यांची सेयल मानी म्हणजे लसूण-टोमॅटोच्या रसातली फोडणीची पोळी. रविवारी दाल पकवान असतेच. त्याविषयी अधिक लिहीत नाही, नाहीतर रक्तदाबवाले सभासद रागावतील. श्रावण वद्य सप्तमीला थदडी येते. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. ती झाली की आपल्या बाप्पांच्या आगमनाला बारा-तेरा दिवस उरतात.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. नंतर सौ.ने कढी करायला घेतली. बेसन तेलात खमंग, बदामी होईपर्यंत परतायचे असते, त्यात मोहरी, जिरे, मेथीदाणे, कढीपत्ता. मग पाणी घालून भरपूर उकळायचे, भाज्या आणि शेवटी चिंचेचा कोळ. आमच्या घाईत बेसन कच्चे राहिले. सहकाऱ्याने चाखली आणि सांगितले, "भाभी, आजीही पहिल्यांदा हेच बोलली असती. अजून अर्धा तास ठेवा." सौ.ने पातेले पुन्हा गॅसवर चढवले.