पदवी आणि उत्पन्न

पदवी आणि उत्पन्न : उच्च शिक्षणाची पदवी, त्यातील विषयशाखा व शिक्षणसंस्था यांचा व्यक्तीच्या पुढील कमाईशी असलेला संबंध. हा शिक्षणाच्या अर्थशास्त्रातील एक मध्यवर्ती विषय आहे. पदवीधरांची सरासरी कमाई शाळेपर्यंतच शिकलेल्यांपेक्षा अधिक असते, असे बहुतेक देशांत आढळते. मात्र एकाच पदवीच्या दोन शाखांतील, किंवा एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या कमाईतील तफावत कित्येकदा या सरासरी फरकाहून मोठी असते. त्यामुळे कमाईतला किती वाटा शिक्षणाचा, किती मूळ कुवतीचा, किती घरच्या परिस्थितीचा आणि किती नोकऱ्यांच्या बाजाराचा, हे वेगळे काढणे हा अभ्यासाचा गाभा ठरतो.

सिद्धांत : थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात शिक्षणावरील खर्च ही गुंतवणूक असल्याचे मांडले. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात ‘मानवी भांडवला’ची ही कल्पना सविस्तर विकसित केली. या मतानुसार शिक्षणाने माणसाची उत्पादनक्षमता वाढते आणि म्हणून त्याला वेतन जास्त मिळते. शिक्षणाच्या खर्चात फी, पुस्तके, खोलीभाडे यांबरोबर शिकण्याच्या वर्षांत बुडालेली मजुरीही धरावी लागते. जेकब मिन्सर यांनी १९७४ मध्ये शिक्षणाची वर्षे व कामाचा अनुभव यांवरून कमाईचा अंदाज बांधणारे समीकरण रूढ केले. त्या धर्तीवर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांचा आढावा जॉर्ज साकारोपुलस व हॅरी पॅट्रिनोस यांनी घेतला. त्यानुसार शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाईत सरासरी सुमारे ९ टक्के वाढ दिसते.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळा विचार मांडला. उमेदवाराची कुवत मालकाला आधी कळत नाही. पदवी मिळवणे कुवतवानाला तुलनेने सोपे जात असल्याने मालक पदवीकडे कुवतीची खूण म्हणून पाहतो. पदवीने काहीच कौशल्य वाढले नाही, तरी वेतन वाढू शकते. अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र हाती पडले की वेतनात एकदम उडी दिसते, हे निरीक्षण या मताला बळ देते. रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्ये या प्रवृत्तीचा सामाजिक परिणाम दाखवला. पदवीधर वाढले की जुन्याच कामासाठी वरची पदवी मागितली जाते आणि मुलांना नुसते जागेवर टिकण्यासाठी अधिक वर्षे शिकावे लागते. प्रत्यक्षात कौशल्य वाढवणे व कुवतीची खूण देणे या दोन्ही प्रक्रिया एकत्र चालतात. शल्यचिकित्सकाच्या पदवीत कौशल्याचा भाग मोठा असतो. कारकुनी पदासाठी ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ मागितला जातो तेव्हा मात्र पदवीचे काम मुख्यतः उमेदवार गाळण्याचे असते.

विषयशाखा : अभियांत्रिकी, संगणक, वैद्यक, वित्त या शाखांचे पदवीधर कला व मानव्यविद्यांच्या पदवीधरांपेक्षा सरासरीने जास्त कमावतात. पण या शाखांकडे जाणारे विद्यार्थी मुळातच वेगळे असू शकतात. म्हणून संशोधक प्रवेशाच्या काठावरच्या विद्यार्थ्यांची तुलना करतात. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेण्यासाठी प्राथमिक अभ्यासक्रमांत २.८ ची गुणसरासरी लागत असे. या रेषेच्या किंचित वर व किंचित खाली असलेले विद्यार्थी जवळजवळ सारख्याच कुवतीचे असतात. झॅकरी ब्लीमर व आशिष मेहता यांच्या अभ्यासानुसार, रेषेच्या वर असल्यामुळे अर्थशास्त्र मिळालेल्यांची नोकरीच्या आरंभीची वार्षिक कमाई सुमारे २२,००० डॉलरने, म्हणजे ४६ टक्क्यांनी वाढली. यातील जवळपास निम्मा फरक ते कोणत्या उद्योगात गेले यावरून स्पष्ट होतो. म्हणजे विषय काही दारे उघडतो आणि वेतन त्या दारांपलीकडे ठरते.

हा लाभ कायम राहीलच असे नाही. डेव्हिड डेमिंग व कदीम नोरे यांना अमेरिकेत आढळले, की संगणक, अभियांत्रिकी यांसारख्या उपयोजित तांत्रिक शाखांची आघाडी नोकरीच्या सुरुवातीला सर्वाधिक असते व पुढे ती घटत जाते. या क्षेत्रांतील कौशल्ये लवकर जुनी होतात, हे त्याचे कारण.

शिक्षणसंस्था : स्टेसी डेल व ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये सारख्याच नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी तो स्वीकारणारे व नाकारणारे यांची तुलना केली. दोघांच्या कमाईत फारसा फरक नव्हता. गरीब घरांतील विद्यार्थ्यांना मात्र नामांकित संस्थेचा स्पष्ट लाभ झाला. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, त्यांना संस्था त्या मिळवून देते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

भारत : मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड व मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ च्या ग्रंथात भारतातील सुशिक्षित बेकारीची मीमांसा केली. चांगल्या नोकरीचे वेतन इतर कामांपेक्षा बरेच जास्त असल्याने पदवीधर मिळेल ते काम न धरता वाट पाहतो आणि घरची परिस्थिती त्याला किती काळ थांबू देते, यावर बेकारीची मुदत ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी वर्षानुवर्षे बसणाऱ्या तरुणांची स्थिती आजही याच विश्लेषणाने समजते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के, तर निरक्षर तरुणांत ३.४ टक्के होते. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही.

पदवीचे मोल धारकाच्या आडनावावरही अवलंबून राहते. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांच्या २००७ च्या प्रयोगात खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. दलित व मुस्लीम नावांच्या अर्जांना अनुकूल उत्तर येण्याची शक्यता कमी आढळली.

महाराष्ट्र : १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ग्रामीण भागातील मुलांना पदवीची वाट खुली झाली, पण खर्चाचा भार कुटुंबावर आला. पुढे जागा इतक्या वाढल्या, की त्या रिकाम्या राहू लागल्या. डी.एड. पदविकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. शाळेत नोकरीची हमी समजून तिच्याकडे ओढा वाढला, विद्यालये गावोगाव निघाली. नंतर शिक्षकभरती रोडावली आणि २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेची अट आली. पदविका तीच राहिली, तिच्यामागची नोकरी उरली नाही.

आकडेवारीचे वाचन : जाहिरातीतील ‘सर्वोच्च पॅकेज’ एका विद्यार्थ्याचे असते. समजा, दहा जणांपैकी एकाला वर्षाला ४० लाख व उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ४ लाख रुपये मिळाले. सरासरी ७.६ लाख येते, मध्यक मात्र ४ लाखच राहतो. शिवाय नोकरी न मिळालेले सरासरीत धरले आहेत का, पॅकेजमध्ये भविष्यनिर्वाह निधी व बोनस मिळवला आहे का, हे पाहावे लागते. कमाईचे अभ्यास बहुधा कमावणाऱ्यांचेच असतात, त्यामुळे घर सांभाळणाऱ्या असंख्य पदवीधर स्त्रिया हिशेबाबाहेर राहतात.

अमेरिकेत २०१५ पासून सरकारी ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर माजी विद्यार्थ्यांची कमाई व कर्ज पाहता येते. भारतात राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत मध्यक वेतन विचारले जाते, पण ते संस्थाच कळवतात. शेत गहाण टाकून किंवा शैक्षणिक कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या कुटुंबांना शाखावार, पडताळलेली आणि मराठीत वाचता येणारी अशी माहिती प्रवेशाआधी मिळणे, हा त्यांचा न्याय्य हक्क आहे.