मोडीत की दुरुस्तीला?

१८६४ साली लंडनच्या युद्धखात्यापुढे एक अवघड हिशेब येऊन पडला. ब्रिटिश फौजेकडे १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलींचे ढीग होते. क्रिमियात नाव कमावलेली, नेमाला चोख अशी ही रायफल; पण ठासणीची. काडतूस फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी गजाने ठासायची, टोपी बसवायची आणि मग बार काढायचा. हात कितीही सरावलेला असला तरी मिनिटाला तीन बारांवर मजल जाईना. त्याच वर्षी प्रशियाच्या शिपायांनी मागून भरायच्या ‘सुईच्या बंदुकां’नी डेन्मार्कच्या फौजेची दाणादाण उडवली. त्यांची बंदूक जमिनीवर पालथं पडून भरता येई. ठासणीवाल्याला गज मारायला उठून उभं राहावं लागे, आणि उभा राहिला की तो आयताच नेमात सापडे.

जुन्या रायफली मोडीत काढून नव्या घडवायच्या तर खर्च अफाट, शिवाय कोणती नवी घ्यावी यावर एकमत होण्याची चिन्हं नव्हती. खात्याने मधली वाट काढली. बंदूककारांना आवाहन केलं की एनफील्ड मागून भरता येईल अशी करून दाखवा, मात्र खर्च नगामागे एक पौंडाच्या वर जाता कामा नये. पन्नासेक नमुने आले. त्यातून निवड झाली ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जेकब स्नायडरची. हा गृहस्थ मूळचा दारूचा, म्हणजे प्यायच्या दारूचा, व्यापारी.

त्याची युक्ती साधी होती. नळीचा मागचा अडीच-तीन इंचांचा तुकडा कापायचा आणि तिथे बिजागरीने उजवीकडे उघडणारं झाकण असलेला नवा भाग आट्यांनी बसवायचा. दस्ता तोच, घोडा तोच, संगीनही तीच. झाकण उघडून काडतूस सरकवायचं, झाकण मिटायचं, बार काढायचा. मग झाकण मागे ओढून रायफल उलटी करायची की रिकामी पुंगळी खाली पडे. वुलिचच्या प्रयोगशाळेतल्या कर्नल बॉक्सरने तिच्यासाठी पितळी पत्र्याचं काडतूस तयार केलं आणि मिनिटाला दहा बार निघू लागले. १८६६ च्या जुलैत साडोव्याच्या रणांगणावर प्रशियाने ऑस्ट्रियाला लोळवलं तेव्हा युरोपच्या राजधान्यांत घबराट उडाली, आणि सप्टेंबरात स्नायडर-एनफील्ड अधिकृत झाली. स्नायडर स्वतः पुढच्याच महिन्यात कर्जबाजारी अवस्थेत वारला. मोबदल्याचा घोळ तोवर मिटलेला नव्हता.

मग सगळ्यांनीच कानशी आणि करवती हातात घेतल्या. ऑस्ट्रियाने आपल्या लोरेन्झ रायफली वेन्झलच्या पद्धतीने कापल्या, रशियाने क्रन्काची पद्धत उचलली. फ्रान्सने शासपो ही नवी रायफल घेतली, तरी जुन्या बंदुकांना तपकिरीच्या डबीसारखं झाकण बसवून त्याही कामाला लावल्या.

अमेरिकेची अडचण वेगळी होती. यादवी युद्ध संपलं तेव्हा सरकारच्या गळ्यात ठासणीच्या रायफलींचा डोंगर होता. एकट्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याने युद्धकाळात सुमारे आठ लाख तयार केल्या होत्या. घरी निघालेल्या शिपायाला सहा डॉलरात स्वतःची बंदूक सोबत नेण्याची मुभा मिळाली. कारखान्याचा मुख्य कारागीर अर्स्किन ॲलिन याने वर उघडणारं झाकण बसवून काही हजार रायफली बदलल्या. २ ऑगस्ट १८६७ रोजी फोर्ट फिल कर्नीजवळ, गाड्यांच्या पेट्यांचा आडोसा करून याच बदललेल्या रायफलींनी लढणाऱ्या तीसेक जणांवर लाकोटा योद्धे चालून आले. ठासणीच्या बंदुकीचा बार झाला की पुढचा बार भरेपर्यंत उसंत मिळते, हा त्यांचा अनुभव. त्या दिवशी ती उसंत मिळाली नाही.

उरलेला माल विकायचा, पण कोणाला? १८७०-७१ मध्ये फ्रान्स प्रशियाशी लढत असताना तटस्थ म्हणवणाऱ्या अमेरिकन सरकारने शस्त्रं लिलावात काढली. त्यातली बरीचशी फ्रान्सकडे पोचली. रेमिंग्टन कंपनी फ्रान्ससाठी खरेदी करते आहे हे कळल्यावर तिला विक्री थांबवली. पण आडवाटेने माल तिकडेच गेल्याचा आरोप झाला. १८७२ मध्ये सिनेटने चौकशी केली, भाषणं झाली, आणि प्रकरण निवलं. जुनं शस्त्र विकणाऱ्याला गिऱ्हाईक निवडता येतं, पण गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक नाही.

जुन्या शस्त्रांचं काय करायचं, या प्रश्नाला हिंदुस्थानात एक तिसरंच उत्तर निघालं होतं. १८५७ च्या उठावात एनफील्डच्या काडतुसांवरून काय घडलं ते जगजाहीर आहे. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी एनफील्डचा खास अवतार काढला. वरून रायफल तीच, पण नळीतल्या पीळदार खाचा खरवडून काढलेल्या, भोक रुंद केलेलं. गोळी जवळच पडावी, नेम ढिला व्हावा, हीच अपेक्षा. चांगली वस्तू पैसे खर्चून बिघडवण्याचं इतकं नेटकं उदाहरण क्वचितच सापडेल. पुढेही देशी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागचं शस्त्र, हा दंडक राहिला.

मुंबई फौजेने तो भोगला. १८६७-६८ साली सर रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबईहून ॲबिसिनियावर स्वारी निघाली, तेव्हा गोऱ्या पलटणींकडे नव्या स्नायडर होत्या आणि हिंदी शिपायांकडे ठासणीच्याच. पुढे इंग्रज सैन्याने मार्टिनी-हेन्री घेतली आणि उतरलेली स्नायडर देशी पलटणींच्या वाट्याला आली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद इथे अयूबखानाशी गाठ पडली, तेव्हा ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, तर बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. त्या दिवशी ब्रिटिश फौजेची साडेनऊशेच्या आसपास माणसं पडली. दोष एकट्या स्नायडरवर टाकणं अन्यायाचं होईल. अयूबखानाचा तोफखाना आणि संख्याबळ भारी होतं. पण पलटणीचा रंग पाहून रायफल ठरते, हे शिपायांना दिसत होतंच.

मार्टिनीचीही पाळी आली. बिनधुराची दारू निघाल्यावर तिला ०.३०३ इंचाची नवी नळी बसवून मार्टिनी-एनफील्ड करण्यात आली. पुढे ०.३०३ च्या ली-एनफील्डवर मात्र नळी बिघडवण्याचा तो जुनाच प्रयोग झाला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तिची नळी खरवडून ०.४१० इंचाची गुळगुळीत, एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक केली जाई आणि ती पहारेकरी नि पोलिसांच्या हाती दिली जाई. चोरीला गेली तर लष्करी काडतूस तिच्यात चालू नये, हा त्यामागचा हेतू. कोकणात शेती राखायला परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरं आजही आहेत. युद्धखात्याने मोडीत काढलेली पद्धत रानडुकरांसमोर अजून निवृत्त झालेली नाही.

उरलेल्या शस्त्रांच्या विक्रीतून गबर झाला तो न्यूयॉर्कचा फ्रान्सिस बॅनरमन. यादवी युद्धानंतर लिलावात मिळेल ते त्याने उचललं, आणि १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धाचा उरलेला माल तर इतका घेतला की शहरात एवढी दारू साठवणं धोक्याचं ठरलं. १९०० साली त्याने हडसन नदीतलं पोलेपेल बेट विकत घेऊन तिथे किल्ल्याच्या घाटाचं कोठार बांधलं. त्याचे जाडजूड कॅटलॉग आज संग्राहक संदर्भासाठी चाळतात.

नेपाळने शंभर वर्षं बदलणं आणि विकणं दोन्ही टाळलं. इंग्रजांकडून आलेल्या आणि देशातच घडवलेल्या स्नायडर, मार्टिनी काठमांडूच्या लगन सिलखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, नुसत्या रचून ठेवल्या होत्या. २००३ च्या सुमारास सरकारने तो साठा अमेरिकन व्यापाऱ्यांना विकला. कित्येक नगांवर देवनागरी अक्षरं आणि आकडे कोरलेले आहेत. व्यापाऱ्याकडे ती रायफल दोन प्रकारांत मिळते: शतकभराच्या ग्रीससकट आहे तशी, किंवा साफ करून, सुटे भाग जुळवून. दुसरीला किंमत जास्त. तरी बरेच संग्राहक पहिलीच मागतात आणि स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन बसतात.