खोंडाची तयारी की विक्री? : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बैलगाडा शर्यतींच्या अर्थकारणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर व मावळ या तालुक्यांत ग्रामदैवताच्या यात्रेला बैलगाडा शर्यतीची जोड असते. आंबेगाव तालुक्यातील नागापूरजवळच्या थापलिंग गडावरील खंडोबाची पौषी पौर्णिमेची यात्रा हे त्याचे परिचित उदाहरण होय. या शर्यतींविषयी आजवर जे लेखन झाले, त्याचा भर प्रामुख्याने परंपरा विरुद्ध प्राणिक्रूरता या वादावर राहिला. परंतु शर्यतीमागे एक ग्रामीण अर्थव्यवहारही उभा आहे आणि त्याचा केंद्रबिंदू घाटात धावणारा नामांकित बैल नसून गोठ्यातील खोंड हा आहे. होतकरू खोंड स्वतः तयार करावा की वेळीच विकून टाकावा, हा शेतकऱ्यापुढील प्रश्न वरकरणी खाजगी वाटतो. हा निर्णय सिंचन, संकरित गोपालन, कायदा व न्यायालयीन आदेश यांनी कसा घडवला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

शेतीचा बैल व घाटाचा बैल

जुन्नर परिसराचा बैलाशी असलेला संबंध प्राचीन आहे. नाणेघाट हा जुन्नरला कोकणाशी जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग असून तेथील राणी नागनिकेच्या लेखात यज्ञदक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण यांचा उल्लेख येतो. पशुधन ही मोजण्याजोगी संपत्ती होती, हे यावरून स्पष्ट होते. मात्र यावरून आजच्या शर्यतीचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

शर्यतीचा बैल दीर्घकाळ शेतीच्या बैलापासून वेगळा नव्हता. नांगर, मोट व गाडी ओढणाऱ्या बैलांतील चपळ जनावर यात्रेच्या दिवशी घाटात उतरत असे. घाट म्हणजे शर्यतीची चढणीची धावपट्टी. येथील पद्धतीत गाडे एकमेकांशी झुंजत नाहीत. प्रत्येक गाड्याची स्वतंत्र बारी होते, पुढे घोडीस्वार व मागे चार बैल धावतात आणि सेकंदांच्या हिशेबावर क्रमांक ठरतो. त्यामुळे जोडीतील एकट्या बैलाची गतीही जाणकारांच्या नजरेत भरते. खोंडाची पारख करणारा बाजार उभा राहण्यास ही पद्धत पोषक ठरली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल घडले. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे पूर्व भागात ऊस व भाजीपाला वाढला आणि नांगरटीसाठी ट्रॅक्टर आला. त्याच सुमारास दूधव्यवसायासाठी संकरित गायी आल्या. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला शेतीतही मोल नव्हते व घाटातही नव्हते. परिणामी स्थानिक गोठ्यात शर्यतीयोग्य गोऱ्हा जन्मणे कमी झाले आणि माणदेशातील आटपाडी, सांगोला, जत या खिलार पट्ट्यातून खोंड आणणे वाढले. बैल शेतीचे साधन न राहता स्वतंत्र गुंतवणूक बनला.

खोंडाची पारख व तयारी

खोंडाचे वय दातांवरून ठरते. दुधाचे दात न पाडलेला तो आदत. सुमारे अडीच वर्षांनी दोन कायम दात आले की दुसा, तीन ते साडेतीन वर्षांच्या सुमारास चौसा आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत तो जुळतो. गिऱ्हाईक अंगलट, छाती, खूर, मान, शिंगांची ठेवण व अंगावरील भोवरे पाहते; जनावर मारके आहे की बुजरे, हेही तपासते. तथापि आदत खोंड पुढे किती पळेल, हे यांपैकी कोणत्याही खुणेवरून निश्चित कळत नाही. अनिश्चितता व किंमत या दोहोंचे मूळ येथेच आहे.

तयारीला वेळ, वैरण व माणूसबळ लागते. वेसण घालणे, माणसांच्या गर्दीची व वाद्यांची सवय लावणे, पोहणी, मोकळ्या रानातील चाल आणि अनुभवी बैलाबरोबर जुंपून सराव असा हा क्रम असतो. खुराकात पेंड व भरड्याबरोबर दूध, अंडी, उडीद यांचा समावेश होतो. ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्याने बंदिस्त गोठ्याचा खर्चही वाढला. दोन-अडीच वर्षे केलेला हा खर्च एका दुखापतीने वाया जाऊ शकतो. अल्पभूधारकाला आदत अवस्थेतच खोंड विकणे सोयीचे वाटते ते यामुळेच. त्याउलट सधन गाडामालक अनेक खोंड घेऊन त्यांतील एखादा निघाला तरी तोटा भरून काढू शकतो.

बाजार व मोबदल्याचा प्रश्न

जुन्नर तालुक्यातील बेल्हे व खेड तालुक्यातील चाकण येथील जनावरांचे बाजार या व्यवहाराची प्रमुख केंद्रे होत. रुमालाखाली बोटे धरून होणारा सौदा, विसार व मध्यस्थ हेडी ही या बाजारांची जुनी रीत. शेतीच्या बैलाची किंमत त्याच्या कामावरून ठरे. खोंडाची किंमत मात्र त्याने अद्याप न केलेल्या कामावरून ठरते. नावारूपाला आलेल्या बैलाचा सौदा लाखांच्या घरात जातो, पण त्या लाभात मूळ पोशिंद्याचा वाटा नसतो.

या संदर्भात मानवी क्रीडाक्षेत्राशी तुलना उद्बोधक ठरते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, तरुण खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना तो पुढे दुसऱ्या क्लबाकडे गेल्यास प्रशिक्षणाचा मोबदला मिळतो. घडवणाऱ्याचा हक्क विक्रीने संपत नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले. खोंडाच्या बाजारात असा कोणताही दंडक नाही. प्रथम पोसणाऱ्याचा संबंध दावे हाती दिल्याक्षणी संपतो.

बंदीचा काळ

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम २२ अन्वये केंद्र सरकार काही प्राण्यांचे प्रदर्शन व प्रशिक्षण या दोहोंना मनाई करू शकते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने या यादीत बैलाचा समावेश झाला. म्हणजे केवळ घाटातील बारी नव्हे, तर शर्यतीसाठी खोंड तयार करणे हेही कायद्याच्या कक्षेत आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यातील निकालाद्वारे देशभरातील अशा शर्यतींना मनाई केली. ७ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने दिलेली सवलत न्यायालयाने पाच दिवसांतच स्थगित केली.

याच सुमारास, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. या दोन निर्णयांची उद्दिष्टे भिन्न होती. परंतु शेतकऱ्याच्या गोठ्यात त्यांचा परिणाम एकत्र झाला. घाट बंद झाल्याने खोंडाच्या भावी किमतीचा आधार गेला आणि निरुपयोगी जनावर काढून टाकण्याची शेवटची वाटही बंद झाली. तयारी व विक्री हे दोन्ही पर्याय एकाच वेळी आकसले. उरला तो केवळ सांभाळ. २०१२ व २०१९ च्या पशुगणनांमध्ये राज्यातील गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे दिसते. त्याला यांत्रिकीकरणासह अनेक कारणे आहेत. सर्व घट शर्यतबंदीच्या खाती टाकणे योग्य होणार नाही.

एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने शर्यतींना सशर्त मुभा देणारी दुरुस्ती संमत केली. तिच्यात बैलाला इजा पोहोचविल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. पुढे बैलाच्या शरीररचनेत धावण्याची क्षमता आहे काय, हा प्रश्न न्यायालयात आला व शासनाने त्यावर तज्ज्ञांचा अहवाल तयार करून घेतला. बाजारात खोंडाभोवती फिरणारे गिऱ्हाईक जो प्रश्न विचारते, तोच येथे संपूर्ण जातीविषयी विचारला गेला, हे लक्षणीय आहे.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. परंतु २०१४ ते २०२१ हा साडेसात वर्षांचा काळ बैलाच्या धावण्याच्या उमेदीएवढा दीर्घ आहे. २०१४ साली जन्मलेला खोंड परवानगी आली तेव्हा सात वर्षांचा, उतरणीला लागलेला होता. ज्यांनी आशेवर जनावर सांभाळले, त्यांना निकालाचा लाभ त्या जनावरापुरता मिळाला नाही. तो मिळाला, ऐपत असल्याने नवा आदत खोंड विकत घेऊ शकणाऱ्यांना.

निष्कर्ष

खोंड तयार करावा की विकावा, हा निर्णय शेतकऱ्याच्या हौसेवर फारसा अवलंबून नव्हता, असे उपरोक्त विवेचनावरून दिसते. ज्याच्याजवळ वैरण व थांबण्याची ताकद आहे तो तयारी करतो. ज्याच्याजवळ नाही तो विकतो. बंदीने हा भेद मिटवला नाही, उलट रुंदावला. जनावराच्या वेदनेचा प्रश्न न्यायालयांनी गांभीर्याने हाताळला व त्यातून इजेविरुद्धची दंडात्मक तरतूद पुढे आली, ही जमेची बाजू होय. मात्र खोंड पोसणाऱ्याच्या श्रमाचे मोल हा प्रश्न परंपरेच्या समर्थकांनीही उचललेला नाही. घाटात गाड्याच्या मालकाचे नाव पुकारले जाते. ज्या गोठ्यात तो बैल प्रथम उभा राहिला, त्या गोठ्याची नोंद कोठेही होत नाही. ही नोंद ठेवण्याची रीत सुरू झाली, तर या परंपरेचा इतिहास अधिक पूर्ण व अधिक न्याय्य होईल.