गुटगुटीत मूल : कौतुकाकडून कुचेष्टेकडे

घरात तान्हे बाळ असले की पाहायला आलेली म्हातारी आधी त्याचे गाल पाहते. "बाळसं छान धरलंय हो," असे म्हणते आणि लगेच दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर बोटे मोडते. सुदृढ बालक स्पर्धेत असल्याच बाळाला बक्षीस मिळते. पण हेच मूल दहा वर्षांचे झाले आणि अंगाने तसेच राहिले, की शाळेत त्याचे बारसे दुसऱ्यांदा होते. हजेरीपटावर नाव एक असते आणि मैदानावर 'ढोल्या' हे दुसरे. घरचे कौतुक शाळेत कुचेष्टा कशी होते, याचा थोडा इतिहास आज पाहू.

पहिली गोष्ट ही, की जुन्या काळी लठ्ठपणाची भीती नव्हती. भीती होती ती उपासमारीची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची गावेच्या गावे ओस पडली. असल्या मुलखात भरल्या अंगाचे मूल म्हणजे घरात दाणा आहे याची खूण. 'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही.

आता जरा दूर, अमेरिकेत जाऊ. हिल्डे ब्रुख नावाची एक ज्यू डॉक्टरीण हिटलरच्या अमलामुळे १९३३ साली जर्मनीतून बाहेर पडली आणि इंग्लंडमार्गे १९३४ साली न्यूयॉर्कला पोचली. तेथे इतकी लठ्ठ मुले पाहून तिला आश्चर्य वाटले. त्या वेळी डॉक्टरांचा सर्रास समज असा, की मूल लठ्ठ आहे म्हणजे त्याच्या ग्रंथींतच काही बिघाड आहे. ब्रुखबाईंनी १९३७ पासून अशा मुलांची नीट तपासणी आरंभली. ग्रंथी बिघडल्या असत्या तर वाढ खुंटली असती. पण ही मुले बहुधा उंचीने चांगली, वयाच्या मानाने पुढेच होती. मग बाईंनी तपासण्याची खोली सोडून मुलांच्या घराकडे मोर्चा वळवला.

घरी काय दिसले? पुष्कळ कुटुंबे युरोपातून आलेली, गरिबीतली. ज्या आयांनी लहानपणी उपासमार पाहिली, त्या मुलाला आग्रह करकरून भरवीत होत्या. पोराला काही इजा होईल म्हणून बाहेर खेळायला सोडीत नव्हत्या. त्या घरांत माया आणि अन्न या दोन गोष्टी एकच झाल्या होत्या.

हे वाचून आपल्याला आपली माणसे आठवत नाहीत काय? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली आजी नातवाच्या ताटात नको म्हटले तरी आणखी एक भाकरी टाकते. तिला तुम्ही आहारशास्त्र काय सांगणार? तिचे शास्त्र तिच्या पोटाने शिकवलेले आहे. मात्र ब्रुखबाईंच्या लिखाणाचा एक दुष्परिणामही झाला. मूल लठ्ठ झाले की दोष आईचा, असे लोक म्हणू लागले. आधी ग्रंथींवर ढकलले, मग आईवर, आणि पुढे खुद्द मुलावरच.

मुलांच्या मनात काय चालते, हे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. स्टीफन रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दहा-अकरा वर्षांच्या ६४० मुलांपुढे सहा चित्रे ठेवली. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेले, एक चाकाच्या खुर्चीतले, एक हात नसलेले, एक चेहऱ्यावर व्यंग असलेले आणि एक लठ्ठ. 'यातले तुला कोण जास्त आवडते, ते क्रमाने सांग,' असे विचारले. लठ्ठ मूल सर्वांत शेवटी आले. बाकीच्या मुलांकडे पाहताना 'बिचाऱ्याचा दोष नाही' असे वाटत असावे. लठ्ठ मुलाला मात्र ती सूट नाही. २००१ साली हीच चित्रे ४५८ मुलांना पुन्हा दाखविली. चाळीस वर्षांत लठ्ठ मुले कितीतरी वाढली होती, तेव्हा आपुलकीही वाढायला हवी होती. उलट नावड अधिक वाढलेली आढळली.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे दुखणे, आमच्या खेड्यात त्याचे काय? तर ऐका. जगात ५ ते १९ वर्षांची लठ्ठ मुले १९७५ साली सुमारे १ कोटी १० लाख होती, ती २०१६ साली १२ कोटी ४० लाख झाली. भारतात पाच वर्षांखालच्या वजनदार मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत शेकडा २.१ होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झाले. कुपोषण अजून पुष्कळ मोठे आहे, हे खरेच. पण ही दोन्ही दुखणी एकाच आळीत राहू शकतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे तपासली. इंग्लंडमधल्या बाळाचे सरासरी वजन साडेतीन किलो, तर आपल्याकडचे दोन किलो सातशे ग्रॅम. पण त्या हडकुळ्या बाळातही चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे आईच्या पोटातली आबाळ मुलाच्या अंगात पुढेही राहते. त्यात शाळेसमोरच्या दुकानात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा टांगलेला, आणि मैदान मात्र कुठे आहे ते शोधावे लागते. मग एकट्या पोराला खादाड म्हणण्यात न्याय कोणता?

गुरुजनहो, शेवटचे सांगणे तुम्हांला आहे. मी शाळेत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाला आम्ही सगळे टोपणनावाने हाका मारीत असू. एकदा कवायतीच्या वेळी मास्तरांनीही तेच नाव घेतले. सगळा वर्ग हसला, तोही हसला. पण त्यानंतर तो खो-खोला कधी उतरला नाही. कवायतीच्या तासाला त्याचे पोट दुखू लागे. ज्याला पळण्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच आम्ही मैदानातून हाकलले. मीही त्या हसणाऱ्यांत होतो.

तेव्हा उद्या वर्गात गेलात की एवढे करा. मुलाला त्याच्या हजेरीपटावरच्या नावाने हाक मारा, आणि खेळाचे गडी पाडताना त्याला शेवटपर्यंत उभे ठेवू नका. वजनाचे जे काय बोलायचे ते आईबापांशी बोला, आणि तेही चारचौघांत नको.